माहितीच्या अपिलात आपले म्हणणे कोण ऐकणार?



माहितीचा अर्ज कसा करावा हे आता शिरपूर तालुक्यात कोणाला फारसे शिकवावे लागत नाही. 'जोडपत्र अ' भरायचे, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, कार्यालयात देऊन पोच घ्यायची. तापीकाठच्या गावांपासून थेट सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ही रीत पोचली आहे. अडचण येते ती त्यापुढे. तीस दिवस गेले, उत्तर नाही. किंवा उत्तर आले, पण एका ओळीचे : "सदर माहिती देता येत नाही." मग अपील करायचे, आणि अपिलाची तारीख लागली की आपला माणूस बिचकतो. साहेबांपुढे काय बोलायचे, बोलू देतील का, वकील लागतो का, की नुसती सही करून परत यायचे? पुष्कळ जण तारखेला जातच नाहीत. जे जातात त्यांतले काही दुपारपर्यंत बाकावर बसून, "साहेब मीटिंगला गेले, इथे सही करा" एवढे ऐकून घरी येतात. पुढे टपालाने आदेश येतो. त्यात लिहिलेले असते : "अपीलकर्त्यास ऐकले. अपील निकाली काढण्यात येत आहे."

आता, ऐकले कोणी आणि कधी? "आमनं कोनी आयकंच नही" ही आपल्याकडची जुनीच तक्रार. परंतु माहितीच्या प्रकरणात एखाद्याचे न ऐकताच दिलेला आदेश वरच्या पायरीवर टिकत नाही, आणि हे शेतकऱ्याला जेवढे लागू तेवढेच साहेबालाही लागू आहे. ते कसे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

थोडी पूर्वपीठिका देतो. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ साली केला. त्यामागे अण्णा हजारे यांची आंदोलने होती. पुढे संसदेने केलेला केंद्राचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला आणि राज्याचा कायदा मागे पडला. या कायद्यात तीन पायऱ्या आहेत. पहिला जन माहिती अधिकारी; त्याने तीस दिवसांत उत्तर द्यायचे. न दिले तर ते नाकारलेच असे कायदा धरतो. दुसरा त्याच कार्यालयातला त्याचा वरिष्ठ, म्हणजे प्रथम अपिलीय अधिकारी. त्याच्याकडे तीस दिवसांत अपील करायचे, आणि त्याने तीस दिवसांत, फार तर लेखी कारण नमूद करून पंचेचाळीस दिवसांत, निकाल द्यायचा. तिसरी पायरी राज्य माहिती आयोगाची, तिथे नव्वद दिवसांत जायचे. आपल्या धुळे, जळगाव, नंदुरबार जिल्ह्यांची दुसरी अपिले आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे जातात. दोन्ही अपिलांना वीस-वीस रुपये फी आहे. एवढे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून यात अधिक वेळ घालवत नाही.

ठाऊक नसते ते हे, की सुनावणीविषयी कायद्यात नेमके काय लिहिले आहे. आम्ही मूळ कलमे काढून वाचली तेव्हा एक गंमत ध्यानात आली. माहिती अधिकाऱ्याला दंड करायचा असेल तर आधी त्याला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिलीच पाहिजे, असे कलम २० मध्ये स्पष्ट शब्दांत आहे. ज्या तिसऱ्याच माणसाचे कागद मागितले आहेत, त्या त्रयस्थ पक्षाचे म्हणणे आयोगाने ऐकले पाहिजे, हेही कलम १९ (४) मध्ये स्पष्ट आहे. पण ज्याने अर्ज केला, स्टॅम्प लावला, अपील केले, त्या अर्जदाराला ऐकावे असे वाक्य अपिलाच्या कलमात शब्दशः सापडत नाही! ज्याचे लग्न त्याचेच नाव पत्रिकेत नसावे, तसला हा प्रकार.

मग अर्जदाराचा हक्क आला कुठून? तो आला नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांतून. नाव भारदस्त आहे, गोष्ट मात्र आपल्या गावच्या पारावरची आहे. बांधाचे भांडण पंचांपुढे आले तर शहाणा पंच काय करतो? दोघांनाही बोलावतो. एकाने दुसऱ्याविरुद्ध जे सांगितले ते दुसऱ्याच्या तोंडावर सांगायला लावतो. आणि बांधाला लागून स्वतः पंचाचेच शेत असेल तर तो आपण होऊन उठून बाजूला बसतो. न्यायालये ज्याला नैसर्गिक न्याय म्हणतात त्यातल्या दोन मुख्य गोष्टी याच : दुसरी बाजू ऐकल्यावाचून निर्णय नको, आणि स्वतःच्या प्रकरणात स्वतःच न्यायाधीश नको. त्याला पुढे तिसरी गोष्ट जोडली गेली, ती म्हणजे निकाल देताना कारण लिहा.

ही तत्त्वे कायद्यात लिहिली नसली तरी ती आहेतच असे धरून चालायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने पन्नास वर्षांपूर्वी ठरवून टाकले. १९७७ साली मेनका गांधी यांचा पासपोर्ट सरकारने जमा करून घेतला. त्यांनी कारण विचारले. उत्तर मिळाले की जनहितास्तव कारण सांगता येत नाही. पासपोर्टच्या कायद्यात ऐकून घेण्याविषयी ओळ नव्हती. न्यायालयाने २५ जानेवारी १९७८ च्या निकालात सांगितले की ओळ नसली तरी ती तिथे आहे असेच वाचले पाहिजे. सरकारला त्यांचे म्हणणे ऐकण्याची हमी न्यायालयात द्यावी लागली. एका बाईने कारण विचारले, कारण दडवले गेले, आणि त्यातून साऱ्या देशाला ऐकून घेण्याचा हक्क पक्का मिळाला. माहिती आणि सुनावणी यांचे नाते असे जुने आहे. ज्याला आपल्याविरुद्धचा कागदच दाखवला नाही, त्याने सुनावणीत बोलायचे तरी काय?

त्याआधी १९६९ साली दुसरा एक निकाल झाला होता, क्रायपाक यांच्या नावाने तो ओळखला जातो. जम्मू-काश्मीरमध्ये वनखात्यातल्या अधिकाऱ्यांची निवड करायची होती. निवड मंडळावर जे अधिकारी बसले त्यांतला एक स्वतःच उमेदवार होता. स्वतःचे नाव आले तेव्हा तो बाजूला बसला, परंतु प्रतिस्पर्ध्यांची नावे आली तेव्हा मंडळात होता. न्यायालयाने ती निवड रद्द केली. हा निकाल आम्ही मुद्दाम सांगतो. कारण माहितीच्या पहिल्या अपिलात बसणारा अधिकारी त्याच कार्यालयातला असतो, आणि कधी कधी ज्या फायलीची नक्कल मागितली आहे तिच्यावर त्याचीच सही असते. वरिष्ठ असणे हा दोष नव्हे. कायद्यानेच त्याला तिथे बसवले आहे. पण वाद थेट त्याच्या स्वतःच्या निर्णयाविषयी असेल, तर ती हरकत अर्जदाराने पहिल्याच तारखेला लेखी नोंदवावी. बोलून दाखवलेली हरकत कागदावर राहत नाही.

पहिल्या अपिलाविषयी केंद्र सरकारच्या कार्मिक विभागाने अधिकाऱ्यांसाठी मार्गदर्शिका काढली आहे. तीत म्हटले आहे की अपील ऐकणे हे अर्धन्यायिक काम आहे. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो झालेला दिसलाही पाहिजे, आणि त्यासाठी आदेशात निर्णयाची कारणे आली पाहिजेत. म्हणजे "अपील निकाली" या दोन शब्दांना त्या मार्गदर्शिकेप्रमाणे आदेश म्हणताच येत नाही. दुसऱ्या अपिलाबाबत केंद्रीय आयोगासाठी २००५ साली जे नियम झाले त्यांत तारखेची सूचना किमान सात पूर्ण दिवस आधी द्यावी, अर्जदाराने स्वतः यावे किंवा प्रतिनिधी पाठवावा, मदतीला कोणालाही आणावे, आणि तो मदतनीस वकीलच असला पाहिजे असे नाही, असे होते. तेव्हा भाऊ, वकील नाही म्हणून तारीख चुकवू नका. गावातला शिकलेला पोरगा, शाळेतले गुरुजी, कोणीही बरोबर न्या. अधिकारपत्र मात्र लेखी द्या.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा, आणि आमच्या मते सुनावणीचा सगळा जीव यातच आहे. कलम १९ (५) म्हणते की माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे. अर्जदारावर नाही. एरवी सरकार दरबारी आपणच पुरावे गोळा करत हिंडतो. इथे गाडी उलटी आहे. समजा एखाद्या सभासदाने वैधमापन खात्याकडे मागितले, की अमुक हंगामात अमुक ठिकाणच्या ऊस वजनकाट्याची तपासणी झाली तिच्या अहवालाची प्रत द्या. खात्याने कळवले, "चौकशी चालू असल्याने देता येत नाही." सुनावणीत सभासदाने घाबरून "साहेब, आम्हाला खरंच गरज आहे हो" असे विनवण्याचे कारण नाही. अर्जात कारण सांगण्याचीही कायद्याने सक्ती नाही. त्याने एवढेच म्हणावे : कोणत्या कलमाखाली नाकारले, आणि प्रत दिल्याने चौकशीला अडथळा नेमका कसा येतो, हे खात्याने सांगावे. चौकशी चालू आहे एवढे म्हणणे पुरत नाही, अडथळा कसा येईल ते दाखवावे लागते, असे दिल्ली उच्च न्यायालयाने भगतसिंग यांच्या प्रकरणात २००७ सालीच सांगितले आहे. अधिकाऱ्याला ते सांगता आले तर सभासदाने त्यावर उत्तर द्यावे. नाही सांगता आले तर आदेशात तसे यावे. सुनावणी म्हणजे हे सवाल-जवाब. ते झाले नाहीत आणि नुसती हजेरीची सही झाली, तर कलम १९ (५) कागदावरच राहिले म्हणायचे.

इथे सभासदांपैकी काही म्हणतील, की साहेबाला धडा शिकवला पाहिजे, दिवसाला अडीचशेप्रमाणे पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे ना, तो लावून द्या. दंडाचे कलम आहे. तो दंड फक्त आयोगच करू शकतो, पहिला अपिलीय अधिकारी नाही. आणि इथेच आपल्या महाराष्ट्रातला एक खटला फार शिकवण्यासारखा आहे.

नांदेडला राज्य उत्पादन शुल्क खात्यात मनोहर माणिकराव अंचुले हे माहिती अधिकारी होते. २००७ च्या जानेवारीत त्यांच्याकडे एक अर्ज आला. मराठवाड्यातल्या कोणकोणत्या आमदार-खासदारांना दारूचे परवाने मिळाले, अशा स्वरूपाची माहिती त्यात मागितली होती. विषय असा, की वाचणाऱ्याने कान टवकारावेत! माहिती वेळेत गेली नाही. मध्यंतरी अंचुले यांची बदलीही झाली. अर्जदार अपिलात गेला आणि प्रकरण राज्य माहिती आयोगाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. सुनावणीच्या वेळी अंचुले यांनी तारीख पुढे मागितली होती. आयोगाने ती न देता २००८ साली आदेश केला, की यांच्यावर खात्याने शिस्तभंगाची कारवाई करावी. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यात हात घातला नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १३ डिसेंबर २०१२ रोजी त्या न्यायालयाने आयोगाचा आणि उच्च न्यायालयाचा असे दोन्ही आदेश रद्द केले. न्यायालयाचे म्हणणे असे, की आयोग अर्धन्यायिक आहे. शिक्षेची शिफारस करताना संबंधिताला खरोखरीची संधी दिली पाहिजे, त्याने जे स्पष्टीकरण दिले त्याचा विचार केला पाहिजे, आणि कसूर वाजवी कारणावाचून झाली असा निष्कर्ष कारणांसह लिहिला पाहिजे. माहितीला उशीर झाला म्हणून आपोआप शिक्षा होत नाही.

वरवर पाहिले तर हा अधिकाऱ्याचा विजय आणि अर्जदाराचा पराभव. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या मापाने न्यायालयाने अधिकाऱ्याला सुनावणी मोजून दिली, तेच माप अर्जदाराच्या हातात आले. अधिकाऱ्याचे न ऐकता शिक्षा देता येत नसेल, तर अर्जदाराचे न ऐकता अपील फेटाळताही येणार नाही. शिवाय व्यवहाराचे पाहा. अर्जदार ज्या आदेशाने खूश झाला तो आदेश चार वर्षांनी कोलमडला, कारण पाया कच्चा भरला होता. घाईने मिळवलेला दंड शेवटी कोणाच्याच पदरात पडत नाही. तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याने तारीख मागितली तर उगीच आरडाओरडा करू नये; ती एकदा मिळू द्यावी, आणि रोजनाम्यात मात्र नोंद करून घ्यावी.

आता घरच्याकडे वळू. पुष्कळ सभासद विचारतात, की सहकारी साखर कारखान्याला माहितीचा अधिकार लागू आहे का? हा प्रश्न कारखान्याच्याच पत्रिकेत घेतला म्हणून कोणी भुवया उंचावू नयेत.

उत्तर असे. केरळ सरकारने २००६ साली परिपत्रक काढून सगळ्या सहकारी संस्था या कायद्याखाली आणल्या होत्या. थलप्पलम येथील सेवा सहकारी बँक त्याविरुद्ध भांडली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल दिला, की निबंधकाची देखरेख आहे एवढ्यावरून सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही. सरकारची मालकी, खोलवरचे नियंत्रण किंवा भरीव अर्थसाहाय्य असले पाहिजे, आणि ते आहे हे दाखवण्याचा बोजा अर्जदारावर आहे. पुढे २०१९ साली डी.ए.व्ही. कॉलेजच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले, की भरीव म्हणजे निम्म्याहून अधिकच असे काही नाही. म्हणून कोणताही एक कारखाना या कायद्यात बसतो की नाही, हे त्याच्या सरकारी भागभांडवलाचे, हमीचे आणि मदतीचे आकडे समोर ठेवून सुनावणीतच ठरू शकते. "कारखान्याला कायदा लागू नाही" हे वाक्यही ऐकून घेतल्यावरच लिहायचे असते.

परंतु कागद पाहण्यासाठी सभासदाने तेवढ्यावर अडून बसायचे कारण नाही. दोन दरवाजे उघडे आहेत. पहिला, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चे कलम ३२. या कलमाप्रमाणे सभासदाला कार्यालयीन वेळेत, विनामूल्य, संस्थेचे उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचे आणि संचालक मंडळाचे इतिवृत्त पाहता येते. आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदीही पाहता येतात : आपल्या उसाचे वजन, बिल, कपाती, ठेवी, सगळे. लेखी मागणी करून फी भरली की महिन्याच्या आत नक्कल मिळाली पाहिजे. हा कायदा माहितीच्या कायद्याहून पंचेचाळीस वर्षांनी थोरला आहे, पण त्याची आठवण मात्र क्वचितच होते.

दुसरा दरवाजा पुण्याच्या साखर संकुलातून जातो. साखर आयुक्त आणि त्यांचे प्रादेशिक सहसंचालक ही सरकारी कार्यालये आहेत आणि त्यांना माहितीचा कायदा पूर्णपणे लागू आहे. निबंधक म्हणून दुसऱ्या कायद्याने ते कारखान्याकडून जी माहिती मागवू शकतात, ती माहितीच्या व्याख्येत येते. थलप्पलमच्या निकालातही न्यायालयाने हा रस्ता मोकळा ठेवला आहे. ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे आणि उशीर झाल्यास वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्यायचे, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. कोणत्या कारखान्याकडे रास्त व किफायतशीर दराची किती रक्कम थकली, वसुलीचे आदेश कधी निघाले, त्या सुनावणीत कारखान्याने काय लेखी दिले, हे कागद आयुक्तालयात मागता येतात.

मात्र या दारातून गेल्यावर कारखाना हा त्रयस्थ पक्ष होतो, आणि कारखान्याने गोपनीय म्हणून दिलेली माहिती असेल तर कलम ११ लागते. माहिती अधिकाऱ्याने पाच दिवसांत कारखान्याला नोटीस द्यायची, कारखान्याने दहा दिवसांत म्हणणे मांडायचे, आणि चाळीस दिवसांत निर्णय व्हायचा. इथे एक गैरसमज सर्रास चालतो. "कारखान्याने हरकत घेतली म्हणून माहिती देता येत नाही" असे लिहून अर्ज परत जातो. हे चूक आहे. हरकत म्हणजे नकाराधिकार नव्हे. अधिकाऱ्याने हरकत वाचायची, सार्वजनिक हित तोलायचे आणि स्वतः निर्णय करायचा. हरकतीची प्रत अर्जदारानेही मागून घ्यावी, म्हणजे अपिलात तिला उत्तर देता येते.

आणि हेच कलम उद्या सभासदालाही राखू शकते. समजा तुमच्या भाऊबंदाने किंवा गावातल्या विरोधकाने तुमच्या कर्जाचा, बिलाचा तपशील एखाद्या सरकारी कार्यालयातून मागितला. तिथे त्रयस्थ पक्ष तुम्ही! नोटीस आली तर ती ताकावर ठेवून देऊ नका. दहा दिवसांत दोन ओळी लिहून पाठवा, की ही माझी खाजगी बाब आहे आणि तिच्यात सार्वजनिक हिताचे काही नाही. गप्प बसलात तर तुमच्या पाठीमागे निर्णय होईल आणि तो कायदेशीरही असेल.

सुनावणीचा हक्क सहकारी कायद्यातही ठिकठिकाणी आहे, त्यातला एकच सांगतो. कलम ३५ प्रमाणे सभासदाला काढून टाकायचे तर सर्वसाधारण सभेत मतदान करणाऱ्यांच्या तीन चतुर्थांश मतांनी ठराव व्हावा लागतो. परंतु त्याला सभेपुढे बाजू मांडण्याची संधी दिली नसेल तर तो ठराव वैध होत नाही, आणि निबंधकाच्या मान्यतेवाचून अमलातही येत नाही. संचालक मंडळाशी वाकडे झाले म्हणून कोणाचे नाव एका बैठकीत खोडता येत नाही, ते यामुळे.

आता तारखेला जाताना काय करावे ते थोडक्यात, पण कामाचे. मुळात अर्ज नीट असावा. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम आहे, की एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांच्या आत. "माझ्या उसाचा उतारा कमी का लागला?" असे विचारू नये. कागदावर असेल ती माहिती मिळते, 'का' चे उत्तर देण्यास अधिकारी बांधील नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने गोव्याच्या सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात २००८ साली म्हटले आहे. त्याऐवजी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या उताऱ्याच्या अहवालाची प्रत मागावी. 'का' मनात ठेवावा, तो कागदातून आपोआप बाहेर पडतो.

तारखेला तोंडी बोलण्यावर भिस्त ठेवू नये. एका पानावर आपले म्हणणे लिहावे, दोन प्रती कराव्यात, एक देऊन दुसरीवर पोच घ्यावी. समोरच्या खात्याने लेखी खुलासा दिला असेल तर त्याची प्रत तिथेच मागावी, आणि तो आयत्या वेळी हातात पडला तर वाचून उत्तर देण्यास मुदत मागावी. तोडणीची टोळी फडात असताना तारीख लागली तर घरी बसू नये. आधी पत्राने कारण कळवून दुसरी तारीख मागावी, किंवा प्रतिनिधी पाठवावा. आयोगाच्या सुनावण्या कोरोनाच्या काळापासून व्हिडिओवरही होऊ लागल्या. नाशिकची खेप टाळायची असेल तर तशी विनंती नोटीस मिळताच करावी. साहेब जागेवर नव्हते तर हजेरीच्या सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहावे : "सुनावणी झाली नाही, अधिकारी हजर नव्हते." ही एक ओळ पुढे फार उपयोगी पडते.

आणखी एक फरक पक्का करून ठेवावा. कलम १८ खाली तक्रार करता येते आणि कलम १९ खाली अपील. पुष्कळ जण रागाच्या भरात थेट तक्रार करतात. परंतु तक्रारीत आयोग अधिकाऱ्याला दंड करू शकतो, माहिती देण्याचा आदेश मात्र करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०११ रोजी मणिपूरच्या प्रकरणात ठरवले आहे. नोटीस, दोन्ही बाजू आणि पुराव्याचा बोजा हे सगळे संरक्षण अपिलाच्या वाटेवर आहे. कागद हवा असेल तर अपीलच करावे.

आयोग तरी किती निःपक्षपाती, असेही कोणी विचारेल. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१२ मध्ये नमित शर्मा यांच्या प्रकरणात म्हटले होते, की आयोगाने दोघांच्या पीठात बसावे आणि त्यातला एक न्यायिक सदस्य असावा. वर्षाच्या आत, ३ सप्टेंबर २०१३ रोजी, न्यायालयाने तो भाग स्वतःच मागे घेतला. २०१९ साली कायद्यात बदल होऊन आयुक्तांची मुदत आणि पगार ठरवणे केंद्र सरकारकडे गेले. पाच वर्षांची मुदत तीन वर्षांवर आली. ज्यांच्याविरुद्ध अपिले चालतात त्या सरकारच्याच हाती ही दोरी असावी, हे आम्हाला पटत नाही. त्यातून उशीर तर विचारूच नका. २०२३ साली एकट्या महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक अपिले व तक्रारी पडून होत्या. ज्याला चालू हंगामाचा कागद हवा त्याला तो पुढच्या खोडव्यालाही मिळेल की नाही, अशी स्थिती. दुसऱ्या अपिलाला निकालाची मुदत कायद्यात घातलेलीच नाही, ही यातली मोठी उणीव. म्हणूनच पहिल्या अपिलातली सुनावणी नीट लढवणे शेतकऱ्याला परवडते. तिथे निदान पंचेचाळीस दिवसांचे बंधन आहे, आणि गाव ते धुळे एवढीच खेप आहे.

आयोगानेही न ऐकता निकाल दिला तर पुढे उच्च न्यायालयाची रिट राहते. आपल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी ती छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे करावी लागते. तिथे वकील आला, खर्च आला, आणि न्यायाधीश पहिल्यांदा पाहतात ते खालचे रेकॉर्ड : नोटीस कधी मिळाली, म्हणणे दिले होते का, हरकत नोंदवली होती का. यासाठी अर्जाच्या पोचेपासून प्रत्येक कागद एका पुडक्यात ठेवावा. आदेश ज्या लिफाफ्यातून आला तो लिफाफाही फाडून टाकू नये. नव्वद दिवस मोजायचे ते आदेश हाती पडल्यापासून, आणि तो कधी आला हे लिफाफ्यावरच्या टपालाच्या शिक्क्यावरून दाखवता येते.